टायर, तर्री आणि साउथ पोल

बाहेर ४४ डिग्री. कमरेला दोर, दोराला टायर आणि डोक्यात अंटार्क्टिका! जळगाव ते धुळे या उन्हाळी ट्रिपमध्ये एका ‘बिगिनर’ला काय सापडलं, त्याची ही गोष्ट.

पहाटे पावणेपाच. जळगावचा मेहरुण तलाव. वॉकला आलेले काका-काकू, कानटोपीऐवजी उपरणं गुंडाळलेले दोन आजोबा, प्राणायाम करणारा एक ग्रुप. आणि या सगळ्यांच्या मधून खरर्र... खरर्र... असा आवाज करत जाणारी मी. माझ्या कमरेला हार्नेस, त्याला तीन मीटरचा दोर आणि दोराच्या टोकाला मारुतीचा एक गुळगुळीत झालेला टायर.

पहिल्या फेरीत लोक नुसते बघत होते. दुसऱ्या फेरीत हसायला लागले. तिसऱ्या फेरीला एका आजोबांना राहवलं नाही.

‘‘काय व बाई, हा टायर कायले ओढू राह्यली?’’

‘‘दक्षिण ध्रुवावर जायचंय, आजोबा. प्रॅक्टिस करतेय.’’

आजोबांनी एकदा टायरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शेजारच्या मित्राला म्हणाले, ‘‘पुण्याची असंल.’’

बरोबर ओळखलं! पण अर्धंच. मी राहते पुण्यात, पण आमचं गाव जळगावजवळचं. आजोळ धुळ्याचं. म्हणजे दोन्हीकडून खान्देशी. आणि टायरही इथलाच, काकांच्या ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून आणलेला. पैसे घेतले नाहीत त्याने. फक्त ‘परत आणून देऊ नका’ म्हणाला.

हे टायर प्रकरण काय आहे?

थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ या. गेल्या वर्षी एका रात्री, डेडलाइन चुकवून यूट्यूबवर टाइमपास करताना, मला बर्फावरून स्लेज ओढत जाणाऱ्या माणसांचा एक व्हिडिओ दिसला. पांढऱ्याशुभ्र सपाटीवर पाच ठिपके. बस, एवढंच. ना म्युझिक, ना ड्रामा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. तिसऱ्या दिवशी शोध सुरू केला की, ज्यांनी आयुष्यात सिंहगडाच्या पलीकडे काही चढलेलं नाही, अशांना हे करता येतं का?

येतं. त्यासाठी नॉर्वेमध्ये नवशिक्यांचे कोर्स असतात. फिन्से नावाचं एक चिमुकलं रेल्वे स्टेशन आहे, तिथे मोटाररस्ता जातच नाही. शॅकल्टनने अंटार्क्टिकाच्या मोहिमेआधी इथल्या बर्फात तयारी केली होती. आणि आपल्या पिढीसाठी खास माहिती : ‘स्टार वॉर्स’च्या ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधली बर्फाळ ग्रहाची दृश्यं १९७९ मध्ये याच भागात शूट झाली. तिथे स्की, तंबू, स्टोव्ह आणि स्लेज या चार गोष्टींशी तुमची ओळख करून देतात. माझा नंबर पुढच्या फेब्रुवारीतला. अ‍ॅडव्हान्स भरून झालाय. (तो कसा भरला हे आईला अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी येत नाही, हे नशीब!)

कोर्सला जाण्याआधी घरी जी तयारी करायची असते, तिचं नाव टायर. बर्फावर सगळं सामान ‘पल्क’ म्हणजे छोट्या स्लेजवर लादून कमरेने ओढायचं असतं. पुण्यात स्लेज कुठून आणणार? म्हणून टायर. जमिनीशी त्याचं घर्षण होतं, झटके बसत नाहीत आणि मुख्य म्हणजे फुकट मिळतो. जगभरचे ध्रुवप्रवासी असंच करतात. आठवड्यातून चार दिवस, आधी पाऊण तास, मग एक, मग दोन. दर आठवड्याला ट्रेनरला एक तक्ता भरून पाठवायचा. किती वेळ, किती अंतर, काय खाल्लं, झोप किती. शेवटचा रकाना : ‘काय चुकलं?’

त्या रकान्यात मी सहा आठवडे एकच शब्द लिहीत होते. ‘काही नाही.’

मग मे महिन्यात आलं चुलतबहिणीचं लग्न. जळगावला चार दिवस आणि पुढे धुळ्याला मामाकडे चार दिवस. टायरला सुट्टी द्यायची की खान्देशात टायर ओढायचा? मी दुसरा ऑप्शन निवडला. ‘तू येडी आहेस का? तिथे माणसं उन्हाने आडवी होतात,’ असं एडिटर म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात, ‘यावर लिही मात्र!’

असोद्याची महाजन

माझ्या या वेडाला एक खान्देशी कनेक्शनही आहे.

जळगावपासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर असोदा आहे. भरिताच्या वांग्यांसाठी फेमस. पण त्याहून मोठी ओळख म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या इथल्या महाजनांच्या घरी जन्मल्या, लग्न होऊन जळगावला चौधरी वाड्यात आल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंचं नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे.

आता उडी मारू या, थेट १८ एप्रिल २००४ वर. जागा : उत्तर ध्रुव. तापमान : उणे ३७. २१ वर्षांची पुण्याची एक मुलगी २,४०० फुटांवरून पॅराशूट घेऊन उडी मारते. ही तिची आयुष्यातली पहिली उडी. त्याआधी सरावाची एकही नाही! तिचं नाव शीतल महाजन. मैत्रिणीचा भाऊ हवाई दलात होता, त्याचं पाहून तिने हे डोक्यात घेतलं. डिसेंबर २००६ मध्ये तिने अंटार्क्टिकावरही उडी मारली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तिची ओळख करून देताना आमच्याकडे एक वाक्य हमखास येतं : ‘बहिणाबाईंच्या घराण्यातली बरं का!’

असोद्याच्या पारावर बसून चहा पिताना मला हे फार भारी वाटत होतं. एकाच गावच्या आडनावाची एक बाई जात्यावर बसून गाणी रचते आणि दुसरी ध्रुवावर उतरते. अंटार्क्टिकाशी मराठी बाईचं नातं तर त्याहून जुनं. नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून तिथे गेल्या. त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला.

पण शीतलच्या गोष्टीतून मी काय उचललं? ‘सरावाची एकही उडी नाही’ हे वाक्य. मनात म्हटलं, बघा, खान्देशी रक्तातच आहे! हे मी मुद्दाम सांगतेय. कारण पुढे धुळ्यात जे झालं, त्याची सुरुवात इथे, या चहाच्या कपात झाली.

गच्चीवरचा बेस कॅम्प

आमच्या घरी आजीला टायरचं काहीच वाटलं नाही. तिला प्रश्न पडला जेवणाचा. ‘‘तठी खायचं काय?’’

मी ऐटीत समजावलं. रोजच्या पाच-सहा हजार कॅलरी लागतात, पण वजन वाहायचं म्हणून सगळं खाणं सुकवलेलं. पाणी काढून टाकायचं, तिथे बर्फ वितळवून पुन्हा घालायचं. वर लोणी, चॉकलेट, सुकामेवा. डीहायड्रेटेड फूड म्हणतात त्याला.

आजी मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. खाटांवर धोतरं अंथरलेली आणि त्यावर पसरलेले ज्वारीचे बिबडे, कुरडया, सांडगे, शेवया, पापड. अख्ख्या वर्षाचं वाळवण! खान्देशात एप्रिल-मेमध्ये कुठल्याही गच्चीवर डोकवा, हेच दिसेल. दोन दिवसांत कडकडीत वाळतं, वर्षभर टिकतं, मूठभर उचललं तरी वजन नाही. पाणी दाखवलं की जेवण तयार.

‘‘हेच का तुझं ते?’’ आजी म्हणाली. हेच ते, आजी. फक्त तिकडे पाकिटाचे पैसे घेतात.

मग मला जिकडे-तिकडे तेच दिसायला लागलं. दुपारी बाराला जळगावात स्कूटीवरून जाणारी कुठलीही कॉलेजकन्यका पाहा. डोक्यापासून गळ्यापर्यंत करकचून बांधलेला स्कार्फ, त्यातून फक्त गॉगल बाहेर, अंगात सनकोट, हातात ग्लोव्हज. कातडीचा एक चौरस इंच उघडा नाही! ध्रुवावरच्या माणसाचा फोटो शेजारी ठेवा. एक बर्फाला घाबरलेला, दुसरी उन्हाला, कपडे तेच. तिकडे चेहऱ्यावर पट्टीएवढी जागा जरी उघडी राहिली तरी वाऱ्याने फ्रॉस्टबाइट होतो, म्हणून दर थांब्याला जोडीदार एकमेकांचे चेहरे तपासतात. इकडे काकू मला दारातच अडवायच्या. ‘‘कान बांधले का?’’

आणि घड्याळ! पुण्यात आपण हवामान मोबाइलवर बघतो आणि तरीही ठरलं तेच करतो. इथे हवामान सांगतं तेव्हा माणसं उठतात. शेतातली कामं पहाटे चारला सुरू. अकरानंतर रस्त्यावर शुकशुकाट, दुकानांची शटर अर्धी खाली, कूलरची घरघर. पाचनंतर गाव पुन्हा जागं होतं. ‘दुपारी जरा जाऊन येते’ असं मी म्हटलं की घरातले सगळे एका सुरात नाही म्हणत. त्यांच्या दृष्टीने तो हट्टाचा विषयच नव्हता. विहिरीत पाणी नसताना मोटर लावू नये, इतकी साधी गोष्ट होती.

गिरणेची वाळू

तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ मला गिरणेच्या पात्रात घेऊन गेला. उन्हाळ्यात गिरणा म्हणजे धरणातून पाणी सोडलं तर नदी, नाहीतर वाळूचा रुंद पट्टा. सैल वाळू हा बर्फाचा सगळ्यात जवळचा भाऊ. पाय रुततो, टायर रुततो, मागे वळून पाहिलं तर एक जाडजूड पट्टा उमटलेला. डांबरी रस्त्यावर पाऊण तासात जेवढं अंतर जायचे, त्याच्या निम्मंही झालं नाही.

इथे एक धमाल झाली. दोन ट्रॅक्टर पात्रात उभे होते. त्यांनी लांबून पाहिलं : पहाटेची वेळ, एक बाई, हातात वही, गळ्यात शिट्टी. दोन मिनिटांत ट्रॅक्टर गायब! भाऊ पोट धरून हसत होता. ‘‘ताई, त्यांना वाटलं तहसीलमधून कोणी आलं!’’

वाळूत मला टायरची खरी किल्ली सापडली. घाम. ट्रेनरने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की ध्रुवावर घाम म्हणजे शत्रू. जोरात चाललात, कपडे ओले झाले, थांबलात की तेच कपडे गार पडतात आणि शरीराची ऊब शोषून घेतात. म्हणून तिकडे कुणी धावत नाही. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं, खायचं, प्यायचं, पुन्हा चालायचं. थोडं गार वाटतंय, अशाच कपड्यांत निघायचं. स्पीड असा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.

ते मला पुण्यात कधी जमलं नव्हतं. मी जिममध्ये जाणारी मुलगी. घाम आला नाही तर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं! गिरणेत भाऊ शेजारून चालत होता आणि त्याच्याशी लग्नातल्या भानगडींबद्दल गप्पा मारायच्या असल्यामुळे माझा स्पीड आपोआप बरोबर झाला. पहिल्यांदाच दीड तास झाला आणि दम लागला नाही.

त्या दिवशी लग्नघरी शेवभाजी होती. वर लालभडक तर्रीचा बोटभर थर. कॅलरीचं विचारू नका. साउथ पोलला चालेल!

एक डिग्री = एक एसटी

जळगावहून धुळ्याला निघाले तेव्हा टायर एसटीच्या डिकीत होता. कंडक्टरने त्याचं तिकीट काढायचं की नाही यावर दोन मिनिटं विचार केला आणि सोडून दिलं.

आता थोडं गणित. ध्रुवावर जाणाऱ्या नवशिक्यांसाठी एक मोहीम असते, ‘लास्ट डिग्री’. म्हणजे ८९ अंश अक्षांशापर्यंत विमानाने जायचं आणि तिथून ९० अंश, म्हणजे ध्रुवापर्यंत चालायचं. हे अंतर १११ किलोमीटर. ऐकायला काहीच नाही, पण साधारण आठ-दहा दिवस लागतात. साउथ पोलला उंची आणि विरळ हवा आहे, स्लेजवर तंबूपासून रॉकेलपर्यंत सगळं आहे आणि वारा बहुतेक वेळा तोंडावर.

जळगाव ते धुळे हे अंतर नव्वदच्या थोडं वर. म्हणजे जळगावहून निघा, एरंडोल, पारोळा, फागणे करत धुळ्याला पोहोचा, न थांबता मुंबई-आग्रा हायवेने लळिंगपर्यंत जा आणि आणखी थोडं. झाली एक डिग्री. मी खिडकीशी बसून प्रत्येक दिवसाचा मुक्काम ठरवत होते. पहिली रात्र पाळधीच्या पुढे. दुसरी एरंडोलच्या अलीकडे. पारोळ्याला चौथा दिवस उजाडेल. एसटीला मात्र पारोळ्याला पोहोचायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. स्टँडवर ज्यूस प्यायला उतरले तेव्हा पहिल्यांदाच पोटात गोळा आला. तोपर्यंत १११ हा नुसता आकडा होता. आता त्या आकड्यात गावं आली होती.

डिसेंबर २००९ च्या अखेरीस रीना कौशल धर्मशक्तू स्की करत दक्षिण ध्रुवावर पोहोचली. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. कॉमनवेल्थ देशांतल्या आठ जणींची ती टीम होती, अंतर सुमारे ९०० किलोमीटर. रीना स्वतः मुरलेली गिर्यारोहक. पण टीममधल्या काहींनी निवड होईपर्यंत स्की पायात घातलेलीसुद्धा नव्हती. त्यांची तयारीही आधी नॉर्वेतच झाली आणि घरी काय ओढलं? टायर! आठातल्या सात जणी पोहोचल्या. एकीला फ्रॉस्टबाइटमुळे सुरुवातीलाच थांबावं लागलं. हे वाचताना मी नेहमी त्या सातांकडे बघायचे.

लळिंग

धुळ्यात मामा देवपूरला राहतो. पांझरा नदी, सरळ आखलेल्या पेठा, राजवाडे संशोधन मंडळाची शांत इमारत... धुळं मला लहानपणापासून आवडतं. शहरापासून दहा किलोमीटरवर हायवेला लागूनच लळिंगचा किल्ला आहे. फारुकी सुलतानांच्या वेळचा. जवळच कुरण आणि लांडोर बंगला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात मुक्कामाला होते, म्हणून दरवर्षी ३१ जुलैला इथे लोक जमतात. पावसाळ्यात हा भाग हिरवागार असतो. मेमध्ये तो भाजलेल्या पापडाच्या रंगाचा असतो.

प्लॅननुसार त्या दिवशी दोन तासांचा सराव होता. पहिल्यांदाच दोन तास. आदल्या रात्री मामेबहिणींबरोबर गच्चीवर दोनपर्यंत जागरण झालं. चारचा गजर बंद केला. उठले आठला. डोकं थोडं दुखत होतं. मामी म्हणाली, ‘‘आज राहू दे.’’ मामा म्हणाला, ‘‘संध्याकाळी जा.’’ संध्याकाळी बाहेर जेवायचं ठरलं होतं आणि तक्त्यात मोकळा रकाना मला नको होता. डोकं दुखतंय, हे मी कुणालाच सांगितलं नाही. मामेभावाने बाइकवरून पायथ्याशी सोडलं. साडेनऊ वाजले होते. ‘साडेअकराला ये’ म्हणून त्याला परत पाठवून दिलं. मनात ती शीतलची उडी होतीच. तिने सराव न करता केलं, मी तर सहा आठवडे केलाय!

पहिली पन्नास मिनिटं ठीक गेली. थांबले, पाणी प्यायले. दुसऱ्या टप्प्यात खडी लागली, टायर अडकायला लागला. मी चिडले. टायरला चक्क शिवी दिली. घड्याळ बघायला हात वर केला तर बाटली हातातून पडली. ती उचलताना तोल गेला. हे सगळं मला आज ओळीने आठवतं, तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. कोर्सच्या माहितीत हेच तर लिहिलेलं होतं : थंडीने माणूस ढासळायला लागला की आधी चिडचिड होते, मग हातातून वस्तू पडतात, मग पाय अडखळतात, मग जीभ. मी ते हायलायटरने पिवळं केलं होतं! उन्हातही साधारण तसंच होतं, हे डोक्यात आलं नाही.

आणि मग मला थंडी वाजली.

खोटं नाही. रणरणत्या उन्हात माझ्या दंडावर काटा आला. दात वाजायला लागले. क्षणभर तर बरंच वाटलं, गार वाटतंय म्हणून. ध्रुवाच्या तयारीत मला पहिली थंडी वाजली ती लळिंगच्या पायथ्याशी.

थोड्या अंतरावर निंबाखाली एक ठेलारी बाई बसली होती. भोवती तिच्या मेंढ्या, एकमेकींच्या सावलीत डोकी घालून गप्प. तिने हाक मारली.

‘‘इतला उनमा कोठे चालनी व माय? सावलीमा बठ.’’

मी ‘झालंच आहे, अर्धा तास राहिलाय’ असं काहीतरी म्हणायला गेले. शब्द नीट निघाले नाहीत. ती उठली, माझ्या कमरेचा दोर बघितला, तो कसा सोडायचा हे तिला कळेना, म्हणून तिने मला टायरसकट ओढत सावलीत आणलं. पदर ओला करून मानेवर, डोक्यावर ठेवला. घोट-घोट पाणी पाजलं. मोबाइल हातात देऊन ‘घरना माणूसले बलाव’ म्हणाली. मामेभाऊ आला. धुळ्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि एवढंच म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर आपण इथे बोलत नसतो.

मामा एक शब्द बोलला नाही. त्याचं न बोलणं मला अजून लागतं.

शेवटचा रकाना

त्या रात्री कूलरसमोर पडून मी तक्ता उघडला. ‘काही नाही’ असं लिहिता आलं असतं. ट्रेनर नॉर्वेत, लळिंग धुळ्यात. कुणाला कळणार होतं? आणि खरं लिहिलं तर कदाचित म्हणतील, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. अ‍ॅडव्हान्स बुडेल ते वेगळंच.

खूप वेळ मी त्या रकान्याकडे बघत बसले. मग एक गोष्ट लक्षात आली. तंबूत आपण दोघं-तिघं असतो. एकाने डोकेदुखी लपवली, तर त्याच्या पायी सगळ्यांचा दिवस जातो, कधी जीवही. ध्रुवावर नेऊ नये असा माणूस म्हणजे दमणारा नव्हे. दमलोय हे न सांगणारा. त्या दिवशी तो माणूस मी होते. फ्रॉस्टबाइट झालेल्या त्या आठव्या मुलीने वेळेवर थांबणं मान्य केलं, हाही मोहिमेचाच भाग होता, हे मला सातांकडे बघताना कधी दिसलंच नव्हतं.

शीतलचंही तसंच. तिची पहिली उडी मी पकडून बसले. त्यानंतर तिने मारलेल्या शेकडो उड्या मी मोजल्याच नव्हत्या.

मी सगळं लिहिलं. जागरण, डोकेदुखी, मामा-मामीचं न ऐकणं, मामेभावाला परत पाठवणं, टायरला दिलेली शिवीसुद्धा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ना शाबासकी, ना लेक्चर. दोन आठवडे पूर्ण विश्रांती, मग पुन्हा पाऊण तासापासून सुरुवात आणि एकटीने सराव बंद. खाली एक प्रश्न : पहिल्यांदा डोकं दुखलं तेव्हा तिथे सांगण्यासारखं कोण होतं?

अख्खं घर होतं!

निघण्याआधी मामाबरोबर लळिंगला गेले, पहाटे पाचला. त्या बाईसाठी साडी घेतली होती. निंबाखाली कुणीच नव्हतं. ठेलारी एका जागी थांबत नाहीत, चारा संपला की पुढे निघतात. मामा म्हणाला, पावसाळ्यानंतर येतील परत. साडी मामीकडे ठेवून आलेय.

टायर पण तिथेच आहे, मामाच्या अंगणात. मामा म्हणतो, डिसेंबरात ये. धुळ्याची थंडी पुण्यावाल्यांना माहीत नसते. पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात नाव येतं. ज्या अंगणात मेमध्ये पाय ठेवता येत नाही, तिथे डिसेंबरात शेकोटीशिवाय बसता येत नाही. मी जाणार आहे. मामेभाऊ शेजारून चालणार आहे, बोलत बोलत. दर पन्नास मिनिटांनी तो मला विचारणार आणि मी खरं सांगणार, असं ठरलंय.

बाकी, आईला अ‍ॅडव्हान्सचं सांगायचं राहिलंय. हा लेख छापून आला की अंक मीच घरी घेऊन जाईन.

तुम्हालाही जायचंय?

कसं जाल : मुंबईहून भुसावळमार्गे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या जळगावला थांबतात. धुळ्याला रेल्वेने जायचं तर चाळीसगावहून फाटा आहे; एसटी आणि मुंबई-आग्रा हायवे जास्त सोयीचे. जळगाव-धुळे एसटी दिवसभर मिळतात.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मेमध्ये गेलातच, तर अकरा ते पाच घरात. हट्ट करू नका, मी करून पाहिलाय.

काय खाल : थंडीत असोदा-बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. एरवी शेवभाजी, दाळ-बट्टी, खापरावरचे मांडे. घरी नेण्यासाठी केळीचे वेफर्स आणि ज्वारीचे बिबडे.

काय पाहाल : जळगावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा, मेहरुण तलाव, जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ, लळिंग आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सोनगीर.

ध्रुवाचं वेड असेल तर : स्वतःच्या खर्चाने जायचं नसेल तर गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा तिथून चालतात. शास्त्रज्ञांबरोबरच डॉक्टर, मेकॅनिक, स्वयंपाकी, सुतार हेही ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांवर जातात. त्यांच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. निवड झालेल्यांची कडक वैद्यकीय तपासणी होते आणि बर्फाचं ट्रेनिंग उत्तराखंडात औलीला.

आणि टायर? कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मागा. मात्र जाताना कुणालातरी बरोबर न्या.